उघडता येणारा सांधा

(तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

मंडळी, नमस्कार.

अध्यक्षांनी माझी ओळख 'संगीतकार' अशी करून दिली. माझ्या दुकानाच्या पाटीवर मात्र 'मोटार वाइंडिंग' एवढंच लिहिलं आहे आणि पोट त्याच्यावरच चालतं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की मी रात्री नाटकाच्या साथीला गिटार घेऊन बसतो. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात गिटारला किती मान असतो, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असले की नाटक उभं राहतं. गिटार म्हणजे भाजीवर भुरभुरलेला सांबार, कोथिंबीर हो. असला तर बरं, नसला म्हणून पंगतीतून कोणी उठून जात नाही.

आज ती गिटार मी वाजवणार नाही, उघडणार आहे. तिच्यातला पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाची वीज करणारा भाग, दर वेळी सोल्डरिंग न करता, कथलाचा डाग न देता, कसा बदलायचा, हा विषय. समोर आयटीआयची पोरं बसली आहेत, त्यांना हे पटकन कळेल. बाकीच्यांनी असं समजा की विहिरीवरची मोटार बदलताना आपण दर वेळी पाइप कापत नाही, फ्लँज, म्हणजे बोल्टांचा सांधा, खोलतो. गिटारमध्ये ती फ्लँज कुठे बसवायची, एवढंच बोलायचं आहे.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. वडशापासून तासाभराच्या वाटेवरचं गाव, मंडई भरलेली, रात्री नाटक. पहिला अंक ठीक गेला. दुसऱ्या अंकात नायिका घर सोडून निघते, तिथे माझे चार सूर असतात, ऑर्गन थांबतो आणि फक्त गिटार वाजते. वर्षभरात माझ्या वाट्याला आलेला तेवढाच एकांत. मी तार छेडली आणि स्पीकरमधून नुसता 'भुर्रर्र' असा आवाज. ऑक्टोपॅडवाला वाकून कानात म्हणाला, "भाऊ, तुमची गिटार वाजून राहिली का जनरेटर वाजून राहिला?"

मध्यंतरात मोबाइलच्या उजेडात पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले. पिकगार्ड म्हणजे गिटारच्या अंगावरची प्लॅस्टिकची पाटी. तिच्या मागच्या बाजूलाच सगळा संसार टांगलेला असतो: तीन पिकअप, एक पाच ठिकाणी थांबणारा स्विच, तीन पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची फिरती बटणं. व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर तिन्ही पिकअपच्या काळ्या वायरी एकाच गोळ्यात सोल्डर केलेल्या असतात. तो अख्खा गोळा कपाळावरची टिकली निघावी तसा निघून आला होता. खाली पॉटची पाठ स्वच्छ, चकचकीत. या वेळी तिला कथील धरलंच नव्हतं.

सोल्डरिंगचं आयर्न दुकानात, दुकान चाळीस किलोमीटरवर. त्या रात्री मी पहाटेपर्यंत गिटार मांडीवर घेऊन नुसता बसलो. सकाळी हिशेबाच्या वेळी व्यवस्थापकांनी अगदी नम्रपणे विचारलं, "भाऊ, आज अर्धीच बिदागी घेता का?"

तो सांधा कोणी केला होता? मीच. आठच दिवसांपूर्वी नवीन पिकअप बसवला होता. आपल्याकडे ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो प्रकार. पॉटची पाठ म्हणजे पत्र्याचं ताट, ते उष्णता पिऊन टाकतं. २५ वॉटच्या आयर्नने वायरीवरचं सोल्डर वितळतं, पण पाठ गरमच होत नाही. ६०–४० चं सोल्डर १८३ अंशांना मऊ होऊ लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळतं. ते वायरीपाशी वितळतं आणि पत्र्यावर नुसतं बसतं, त्याला धरत नाही. वरून बघाल तर गोळा छान गोल, झकास. कल्हईवाल्याचं काम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल. भांडं तापलेलं नसेल तर कितीही नवसागर टाका, कथील थेंब थेंब होऊन नुसतं पळतं. भांडं योग्य तापलं की एका फडक्याच्या हाताने सगळीकडे पसरतं. पॉटच्या पाठीला आधी राळ लावून कल्हई करायची असते आणि मग वायर ठेवायची असते. हे मला माहीत होतं. पण त्या जागेवर तोपर्यंत पाच वेळा सोल्डर काढून-लावून झालं होतं, आणि सहाव्या वेळी हात कंटाळला.

आता पिकअपविषयी थोडं. चुंबक, त्याच्याभोवती तांब्याची गुंडाळी, वर पोलादी तार. तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं तेच. गिटारला ते लावण्याचं काम अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्प नावाच्या गिटारवाल्याने केलं, १९३१ च्या सुमाराला. ती गिटार दिसायला तव्यासारखी होती म्हणून तिचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं, आणि पेटंट मिळायला १९३७ साल उजाडलं. मला पिकअप पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा हसू आलं, कारण हे तर माझंच काम निघालं. फरक तारेचा. साध्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या, पिकअपला ४२ नंबरची अमेरिकन गेजची तार असते, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर. आपल्या गेजात ती साधारण ४६ नंबरला येते. डोक्याच्या केसाएवढी. तिचे सात-आठ हजार वेढे. मीटर लावला तर सहा-सात किलोओहम दाखवतो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीच्या एका फेजला आपल्याला ओहमच मोजायला मिळतात, किलो नाही. मोटारीच्या गुंडाळीला आपण वॉर्निश पाजतो, तिथे मेण पाजतात. हेतू तोच, तार जागेवर थरथरू नये. तार सैल असेल तर पिकअप मोठ्या आवाजात मायक्रोफोनसारखा शिट्टी मारतो.

तर, पाच वेळा सोल्डर काढणं-लावणं यात खरा बळी पॉटचा जात नाही, या केसाएवढ्या तारेचा जातो. पिकअपच्या बुडाला दोन छोटी छिद्रं असतात. तिथे बारीक तार संपते आणि जाड वायर सुरू होते. तुम्ही स्विचपाशी वायर ओढता, आणि ती ताण नेऊन देते त्या छिद्रापाशी. माझा एक पिकअप असाच गेला. मीटरवर डावीकडे नुसता '१', म्हणजे तार कुठेतरी तुटली. वाइंडिंगवाल्यांना एक गोष्ट माहीत असते. गुंडाळीचं बाहेरचं टोक तुटलं तर एक वेढा उकलायचा आणि परत जोडायचं. आतलं टोक तुटलं की बॉबीन संपली, कारण आठ हजार वेढ्यांखाली ते गाडलेलं असतं. माझं आतलंच तुटलं होतं. मग दुकानातल्या मशीनवर स्वतः गुंडाळायचा हट्ट केला. दोन रविवार गेले, तार चौदा वेळा तुटली, आणि घरून निरोप आला की जेवायचं असेल तर आता या.

इथून मी वेगळा विचार करायला लागलो. सोल्डरला मी वाईट म्हणत नाही. जिथे कायमचं जोडायचं तिथे त्याच्याइतकं चांगलं काही नाही. चूक ही की आपण कायमचा सांधा अशा ठिकाणी देतो, जिथे आपल्याला सारखं उघडायचं असतं. स्विच, पॉट, कपॅसिटर, जॅक ही मंडळी घरची. त्यांचं सोल्डर एकदा, चांगल्या ५०–६० वॉटच्या आयर्नने, सावकाश करा आणि विसरून जा. पिकअप हा पाहुणा. घर आणि पाहुणा यांच्या मध्ये दार पाहिजे, भिंत नको.

कंपन्यांनी हे ओळखलेलं आहे. अँपेगने १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँगची पारदर्शक ॲक्रिलिकची गिटार काढली होती, तिच्यात पिकअप ड्रॉवरसारखा सरकवून बदलता यायचा. आज ईएमजीचे बॅटरीवर चालणारे पिकअप घेतले तर सगळे प्लग तयार येतात, पॉटसकट. पण त्यांचे पॉट २५ किलोओहमचे, आपल्या साध्या पिकअपला ते चालत नाहीत. सीमोर डंकनचा 'लिबरेटर' नावाचा व्हॉल्यूम पॉट आहे, त्याला स्क्रूचे टर्मिनल असतात, वायर घाला आणि पिळा. चांगली वस्तू आहे. पण कुरिअरने इथवर यायला आठवडा लागतो, आणि एक पॉट घ्यायला जातो त्या पैशात माझी एक मोनोब्लॉक पंपाची मोटार गुंडाळून होते.

स्क्रूच्या टर्मिनलबद्दल एक गोष्ट पोरांनी लक्षात ठेवा, कारण ही चूक घरच्या वायरिंगमध्येही होते. बारीक तारांची वायर आधी कल्हई करून स्क्रूखाली देऊ नका. वाटतं की घट्ट बसली, पण सोल्डर मऊ असतं. दाबाखाली ते हळूहळू पसरतं, आणि महिनाभरात तोच स्क्रू सैल लागतो. एक तर नुसत्या तारा पिळून घाला, नाहीतर फेरूल, म्हणजे टोकावरची छोटी धातूची नळी, दाबून घाला.

मी निवडला तो रिलिमेट. नाव ऐकून काही मोठं वाटेल, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळतो. जुन्या टीव्हीच्या बोर्डावर, इन्व्हर्टरमध्ये, स्टॅबिलायझरमध्ये तुम्ही तो हजार वेळा ओढून काढला आहे. पांढरं प्लॅस्टिकचं घर, दोन पिनांमध्ये अडीच मिलिमीटर, मागे एक भिंत, त्यामुळे उलटा बसतच नाही. अंधारात, झोपेत, नाटकाच्या मध्यंतरात उलटा बसत नाही, याला फार किंमत आहे. (गिटार उघडून पहिल्या ओळीत दाखवली.) हे बघा. जनरल पर्पज बोर्डाचा दोन बोटांएवढा तुकडा, त्याच्यावर चार पिनांचे चार रिलिमेट. तीन जागा तीन पिकअपच्या. चौथी थेट व्हॉल्यूम पॉटला जोडली आहे, ती कशासाठी ते नंतर सांगतो. बोर्ड दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पिकगार्डच्या मागे बसवला. कुठला प्लग कुठला, त्याच्या खुणा लाल, गुलाबी आणि जांभळ्या नेलपॉलिशच्या. ती बाटली मुलीची होती आणि त्यावरून घरात जे झालं ते या व्याख्यानाचा भाग नाही.

तुम्ही म्हणाल, पिकअपला वायरी दोन, मग पिना चार कशाला? इथेच खरी गंमत आहे. माझा क्रम असा: पहिली सिग्नल, दुसरी मधला जोड, तिसरी परतीची, चौथी शील्ड, म्हणजे घरघर अडवणारं धातूचं आवरण. बोर्डाच्या बाजूला तिसरी आणि चौथी दोन्ही अर्थलाच जातात. मग वेगळ्या का ठेवल्या? कारण कधी कधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. एकेकटे छान वाजतात, स्विच मध्ये ठेवला की आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होतो. मोटार उलटी फिरली की आपण दोन फेज बदलतो ना, तसंच इथे सिग्नल आणि परतीची वायर प्लगमध्ये अदलाबदल करायची. पण पिकअपवरचं धातूचं झाकण परतीच्या वायरीलाच जोडलेलं असेल, तर अदलाबदलीनंतर ते झाकण सिग्नल होऊन बसतं, आणि हात लावला की भुर्रर्र. शील्ड वेगळी असेल तर ती जिथल्या तिथे राहते.

दुसरी पिन हंबकरसाठी. हंबकर म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये तो तयार केला. एक गुंडाळी उलटी आणि तिचं चुंबकही उलटं. विजेच्या लाइनची घरघर दोन्ही गुंडाळ्यांत विरुद्ध दिशेने येते आणि मरते, तारेचा आवाज मात्र दोन्हींत एकाच बाजूने येतो आणि वाढतो. आपल्याकडे घरघर ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची, पण मरते तशीच. नाटकाच्या लाइटवाल्याचे डिमर आणि जनरेटर ज्याने एका मांडवात ऐकले आहेत, त्याला या माणसाचे उपकार समजतील. दोन गुंडाळ्या जिथे जोडतात तो मधला बिंदू दुसऱ्या पिनवर आणून ठेवला, की पुढे कधी वाटलं तर एका स्विचने अर्धा पिकअप बंद करून सिंगल कॉइलचा आवाज काढता येतो. सिंगल कॉइलच्या प्लगमध्ये ती पिन रिकामी.

रंगांचं मात्र कोणाचं ऐकू नका. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळा म्हणजे न्यूट्रल. सीमोर डंकनच्या हंबकरमध्ये काळा हा सिग्नल असतो, हिरवा अर्थ, लाल-पांढरा एकत्र. दिमार्झिओमध्ये लाल सिग्नल, हिरवा अर्थ, आणि काळा-पांढरा एकत्र. आणि बाजारात बिननावाचे जे पिकअप मिळतात त्यांत रंग त्या दिवशी कारखान्यात कुठली रिळं शिल्लक होती त्यावर ठरत असावेत. म्हणून मीटर. चार वायरींतून दोन जोड्या शोधा, प्रत्येक जोडी चारेक किलोओहम दाखवेल. मग मीटर २० किलोओहमवर ठेवून पिकअपच्या लोखंडावर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर उडतो किंवा खाली पडतो. काट्याचा जुना मीटर असेल तर आणखी स्पष्ट दिसतं. दुसऱ्या पिकअपचा आकडा त्याच बाजूला गेला पाहिजे. हा सगळा गोंधळ प्लगमध्येच एकदा मिटवून टाकायचा. बोर्डाला कळताही कामा नये की कुठल्या कंपनीचा पाहुणा आला.

आणि पॉट. ही गोष्ट मला दोन वर्षं कळली नव्हती. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा पॉट लावतात, हंबकरला ५०० चा. पॉट लहान असेल तर वरचे, झणझणीत सूर अर्थमध्ये गळतात. आता २५० च्या गिटारमध्ये तुम्ही प्लग काढून हंबकर खोवला, तर तो दबलेला, मफलर बांधल्यासारखा वाजेल, आणि तुम्ही म्हणाल पिकअपच खराब. त्यावर उपाय असा केला की गिटारमध्ये पॉट ५०० चा, आणि सिंगल कॉइलच्या प्लगवरच सिग्नल आणि परतीच्या वायरींमध्ये ४७० किलोओहमचा एक छोटा रेझिस्टर. दोन्ही समांतर आले की २४२ होतात. म्हणजे पाहुणा आपली उशी घेऊनच येतो.

आता याची दुसरी बाजू. प्लगचा सांधा हा सोल्डरपेक्षा नाजूकच आहे, हे मी लपवणार नाही. घरातल्या स्विचमधून २३० व्होल्ट जातात, संपर्कावर मळ बसला तरी ठिणगी तो जाळून टाकते. पिकअपमधून येतात व्होल्टचे काही दशांश आणि करंट मायक्रोअँपिअरमध्ये. एवढ्याशा करंटला मळ जाळायची ताकद नाही. पावसाळाभर गिटार खोळीत राहिली की पिनांवर झिलई मरते आणि पहिल्याच नाटकात कर्रकर्र. म्हणून दसऱ्यानंतर एकदा सगळे प्लग दोन-तीनदा काढायचे, खोवायचे. घासण्यानेच पिना उजळतात. फार झालं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. प्लगच्या आतल्या टिकल्या क्रिंपिंगच्या पकडीने दाबलेल्या असाव्यात. ती पकड नसेल तर नोज प्लायरने दाबून वर सोल्डरचा एक थेंब द्या, मी तेच करतो. वायर धरून ओढायचं नाही, पांढरं घर धरून ओढायचं. आणि पिकअपपासून दोन इंचांवर वायर केबल टायने बांधून टाकायची, म्हणजे ताण त्या केसाएवढ्या तारेपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी फ्लँज मी पिकगार्ड आणि गिटारचं अंग यांच्यामध्ये बसवली. तिथून फक्त तीन वायरी जातात: जॅकच्या, म्हणजे केबल घालायच्या भोकाच्या, दोन आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीच्या, अर्थची एक. तीन पिनांचा एकच रिलिमेट. त्यामुळे माझ्या पेटीत आता एक अख्खी भरलेली पाटी तयार असते, तिच्यावर तीन स्वस्तातले पिकअप आणि स्विच-पॉट. गळ्यावर कॅपो, तारा दाबून धरणारा चिमटा, आवळायचा म्हणजे खुंट्यांवरच्या तारा सुटत नाहीत, तारा सैल करायच्या, अकरा स्क्रू, एक प्लग, पुन्हा अकरा स्क्रू. दुकानात घड्याळ लावून पाहिलं तर बारा मिनिटं लागली. मध्यंतर वीस मिनिटांचं असतं. शिवाय कुठलीही शंका आली तर गिटार उघडायच्या आधी जॅकमध्ये केबल घालून तिच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि स्विच फिरवत जा. साडेसहा किलोओहमचा पिकअप पॉटसकट थोडा कमी, सव्वासहाच्या जरा वर दाखवेल. '१' दाखवला तर तोच प्लग बघायचा.

ब्रिजच्या अर्थची वायर निसटली तर तारांना हात लावला तरी घरघर कमी होत नाही. ती कमी झाली पाहिजे. उलट हात लावल्यावर वाढली, तर जॅकच्या दोन वायरी उलट्या आहेत. इथे इलेक्ट्रिशियनच्या पोरांना एक बाजूची गोष्ट सांगतो. ही वायर वाजवणाऱ्याच्या अंगाला ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडते. मंडपात प्लगची अर्थची जाड पिन मोडून टाकलेली मी कितीदा पाहिली आहे, 'बसत नव्हती म्हणून'. तसा ॲम्प लीक झाला की हात तारेवर, ओठ माइकवर, आणि मधे माणूस. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, जनरेटरच्या बोर्डावर नसेल तर मी गिटार खोळीतून काढत नाही. जनरेटरवाले मला शिव्या देतात.

आता चौथी जागा. पिकअप चांगला की वाईट हे आपण ठरवतो कसं? जाहिरात वाचून, नाहीतर मित्राने सांगितलं म्हणून. सोल्डर करून बदलायला मला पाऊण तास लागायचा. आधीचा आवाज कसा होता हे पाऊण तासानंतर कानाला आठवत नाही, आठवतो फक्त त्याच्यावर खर्च केलेला पैसा. चौथ्या जागेत कुठलाही सुटा पिकअप खोवायचा, हातात धरून तारांवर उलटा न्यायचा आणि वाजवायचं. दहा सेकंदांत दुसरा. एका रविवारी मी महागडा पिकअप आणि गिटारसोबत आलेला जुना, असे दोन्ही आळीपाळीने लावले. पोराला सांगितलं, तू बदल, मी भिंतीकडे तोंड करून बसतो. आधी मला फरक लगेच कळत होता. मग लक्षात आलं की पोरगा महागडा पिकअप तारेच्या जास्त जवळ धरतो आहे, कारण त्याला तो जड लागत होता. दोन्ही समान अंतरावर, साधारण दोन-अडीच मिलिमीटर, धरायला लावले. फरक उरला, पण निम्म्याहून कमी. म्हणजे मी जे पैसे मोजले त्यातले बरेचसे पिकअपच्या दोन बाजूंच्या उंचीच्या स्क्रूंनी फुकट दिले असते. तेव्हापासून ऑर्केस्ट्रातलं कोणी नवीन पिकअपची किंमत विचारायला आलं, की मी आधी त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देतो.

प्रश्न विचारा आता.

(मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, घरच्या वायरिंगचे लिव्हरवाले कनेक्टर चालतील का?) चालतील, बाबू. पण ते जाडजूड असतात, गिटारच्या पोकळीत तीन-चार घातले की झाकण बसत नाही. आणि हंबकरच्या चार बारीक वायरी त्यांच्यासाठी फार बारीक पडतात, दुमडून घालाव्या लागतात. टेबलावर तपासणीसाठी मगरक्लिप जास्त बऱ्या.

(भजनी मंडळातल्या एका बाबाजींनी विचारलं, "आमच्या पेटीले लागते का गा हे?") पेटीला नाही लागत बाबाजी. पेटीच्या पट्ट्या पितळेच्या, आणि पितळ चुंबकाला ओळखत नाही. खंजिरीला तर प्रश्नच नाही, ते चामडं. तिथे माइकच. ("अन् एकतारीले?") एकतारीची तार पोलादी आहे ना? चुंबक लावून पाहा, चिकटला तर होते. बुधवारी आमच्याकडे बाजार नसतो, दुकानात गर्दी नसते. एकतारी घेऊन या. पिकअप तिच्या तारेखाली धरू, प्लग या चौथ्या जागेत खोवू, आणि बघू काय म्हणते ते.